तोंड मीट

४ सप्टेंबर

घरात आवाज चढवायला आजपासून बंदी आहे. ठराव बायकोने मांडला, मुलीने मान हलवून अनुमोदन दिले आणि मी अंघोळीला गेलो असताना तो एकमताने मंजूर झाला. बावीस वर्षे मी माणसांना बोलायला शिकवतो. वकील, शिक्षक, विक्रेते माझ्या वर्गात पहिल्या दिवशी स्वतःच्या बुटांशी बोलतात. सहा महिन्यांनी बाहेर पडतात तेव्हा शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही ऐकू जाते. आणि मला माझ्याच स्वयंपाकघरात बोलायची चोरी! म्हणून ही वही.

निमित्त झाले शाळेच्या चिठ्ठीचे. "आपल्या कन्येची एकाग्रता व स्मरणशक्ती गेल्या दोन वर्षांत बरीच घटलेली आढळते. नोव्हेंबरअखेरच्या चाचणीत सुधारणा न दिसल्यास तिला खालच्या वर्गात बसवणे तिच्या हिताचे ठरेल." हिताचे! ज्याला शिकवता येत नाही तो हिताची भाषा बोलतो.

मुलगी चौदा वर्षांची. लहानपणी तिची बडबड इतकी अखंड चाले की घरात तिचे नाव टकळी पडले. खरे नाव आता फक्त हजेरीपटात उरले आहे. अकराव्या वर्षी ती एक पान दोनदा वाचून घडाघडा म्हणून दाखवायची. आज तिला वरच्या खोलीतून माझा चष्मा आणायला पाठवले. दहा मिनिटांनी रिकाम्या हाताने खाली आली आणि म्हणाली, "मी कशाला गेले होते?" नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे!

शिवाय दिवसभर तोंड उघडे. पुस्तकापुढे उघडे, ताटापुढे उघडे, आरशापुढेही उघडे. "तोंड मीट," मी म्हणतो. मिटते. मिनिटभराने पुन्हा तेच. आज मोजले. सकाळपासून एकोणीस वेळा म्हणावे लागले.

बायको म्हणाली, "अहो, ती घोरते हल्ली. भिंतीपलीकडे ऐकू येतं."

"घोरणं आमच्या घराण्यात आहे," मी म्हटले. "माझे वडील घोरायचे तेव्हा शेजारी भांडायला यायचे. त्यांच्या बुद्धीत काय कमी होतं? उलट..."

"तुमची सभा संपली की हाक मारा, मग मी बोलते," असे म्हणून ती शिवणयंत्रावर जाऊन बसली. लोकांचे कपडे उसवून त्यांच्या अंगाबरोबर पुन्हा शिवून देणे हा तिचा व्यवसाय. यंत्र सुरू झाले की माझे एकही वाक्य तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ते तिने त्याचसाठी घेतले असावे असा माझा जुना संशय आहे.

९ सप्टेंबर

शाळेत जाऊन आलो. मुख्याध्यापिका शांतपणे ऐकून घेणाऱ्या बाई आहेत, आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या माणसाशी भांडणे म्हणजे उशीवर बुक्क्या मारणे. शेवटी म्हणाल्या, "सर, एक तास वर्गात बसून बघा ना."

बसलो. शेवटच्या बाकावर. बेचाळीस मुले, सहा खिडक्या, आणि सहाही खिडक्या खिळे ठोकून बंद! बाहेर रस्ता आहे, गाड्यांचा आवाज येतो, म्हणून तीन वर्षांपूर्वी बंद केल्या म्हणे. पंचवीस मिनिटांत मला जांभई आली. मला! मी तीन-तीन तासांच्या परिसंवादांत डोळा न मिटता बसलेला माणूस. चाळिसाव्या मिनिटाला बाईंनी फळ्यावर काय लिहिले होते ते मला सांगता आले नसते.

डोक्यात प्रकाश पडला. मुलगी मठ्ठ झालेली नाही. मुलगी कोंडलेली आहे! वाढत्या वयात मेंदू जितका भुकेला असतो तितका पुन्हा कधी नसतो, आणि आम्ही त्याला दिवसाचे सहा तास बेचाळीस जणांची उष्टी हवा पाजतो. उद्यापासून ग्रंथालयात बसणार. जे छापले गेले असेल ते सगळे वाचून काढणार.

१७ सप्टेंबर

आज पालकांची सभा. दुपारी घरी आरशासमोर तालीम केली. सुरुवात होताच बायकोने टेबलावरचा दिवा उचलून बाजूला ठेवला. टकळी तर मी हात वर नेताच दोन पावले मागे सरकते, ही तिची नवी खोड. श्रोत्याने वक्त्याकडे झुकावे, हे तिला मीच शिकवले होते!

पूर्वी अशी नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिच्या वक्तृत्वस्पर्धेची तालीम करून घेताना "उठा!" या शब्दावर माझा हात गर्रकन फिरला आणि कोपर तिच्या तोंडावर बसले. रक्त आले. बर्फ लावला. पंधरा मिनिटांत पोरगी उभी राहिली आणि तिने पुढचे वाक्य जिथे सोडले होते तिथून उचलले. बारा वर्षांची! नव्या विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीला मी ही गोष्ट धैर्याचे उदाहरण म्हणून सांगतो. तीच मुलगी आज हात पाहून बिचकते. धैर्यसुद्धा बंद खोलीत कोमेजते, दुसरे काय.

सभा गाजली. मी म्हटले, "अन्न कमी पडलं तर मूल रडतं, पाणी कमी पडलं तर मागतं. पण श्वास कमी पडला तर ते फक्त गप्प होतं, आणि आपण त्या गप्प बसण्याला आळस म्हणतो!" टाळ्या थांबेनात. एक आजोबा काठी आपटून उभे राहिले. टकळी तिसऱ्या रांगेत डोळे मिटून ऐकत होती. इतकी तल्लीन झालेली मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

घरी येताना बायको म्हणाली, "छान बोललात. ते शेवटचं तर फारच. जरा घरीही लावून बघा."

म्हणजे काय ते तिने सांगितले नाही. हिचे हे असेच.

२९ सप्टेंबर

विजय! दोनशे सह्या, तीन शिष्टमंडळे, एक पत्रक. आज सुतार आला आणि त्याने सहाही खिडक्यांचे खिळे उपटले. मुख्याध्यापिकांनी टकळीला मुद्दाम खिडकीशेजारची जागा दिली. मी फाटकाबाहेरून पाहिले. तिच्या वहीची पाने वाऱ्याने फडफडत होती.

१२ ऑक्टोबर

पालथ्या घड्यावर पाणी! वर्गशिक्षिकेने वहीत लिहून पाठवले आहे: "आज पुन्हा तासाला झोपली." खिडकीत! वाऱ्यात! अख्ख्या शाळेची पोरे तरतरीत झाली आणि जिच्यासाठी मी घसा फोडला ती खिडकीच्या चौकटीवर डोके टेकून झोपली. लोकांना आता कोणते तोंड दाखवू?

जाब विचारला. "वर्गात झोपतेस?"

"झोपत नाही, बाबा. डोळे मिटतात."

"दोन्हींत फरक काय?"

"झोपल्यावर बरं वाटतं ना माणसाला? मी रात्री झोपते, पण सकाळी उठते तेव्हा झोपलेलीच नसते."

शब्दांचा खेळ! उत्तर देता येत नाही तेव्हा माणूस कोडी घालतो. मी तिला इच्छाशक्तीवर पाऊण तास समजावले. शेवटी विचारले, "काय समजलं?" म्हणाली, "सुरुवातीचं लक्षात आहे."

उद्यापासून माझे स्वतःचे औषध. बटण.

१५ ऑक्टोबर

बटणाची रीत मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतो. कोटाचे मोठे बटण ओठांत हलके धरायचे, तोंड बंद, श्वास फक्त नाकाने, दहापर्यंत मोजत आत, दहापर्यंत मोजत बाहेर. बोलणाऱ्याचा सगळा पाया यात आहे. जाड्या वकिलांना जमते, सत्तरीतल्या निवृत्त अधिकाऱ्याला जमले. माझ्या मुलीला जमत नाही! पाचाच्या पुढे जात नाही. चेहरा लाल होतो, खांदे वर येतात आणि बटण टप्पकन जमिनीवर. तीन दिवस, रोज सकाळी, टप्प, टप्प, टप्प. मी म्हटले, "ही अंगचोरी आहे. तू प्रयत्नच करत नाहीस." तिच्या डोळ्यांतून पाणी आले. तरी तिने पुन्हा बटण ओठांत धरले.

तेवढ्यात बायको यंत्र थांबवून आली. तिने बटण काढून घेतले. "हे माझ्या डब्यातलं आहे," म्हणाली. "आणि मुलगीही माझी आहे."

मग तिने पर्समधला छोटा आरसा आणून टकळीच्या नाकाखाली आडवा धरला. "तोंड मीट आणि श्वास सोड." आरशावर डाव्या बाजूला बोराएवढा वाफेचा ठिपका उमटला. उजवीकडे काच कोरडी ठणठणीत. मग तिने आरसा माझ्या नाकाखाली धरला. दोन मोठे ठिपके, एकमेकांत मिसळलेले.

"आरसा जुना आहे," मी म्हटले.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली. "गावभरच्या खिडक्या उघडल्यात तुम्ही. सोमवारी नाकाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे."

२१ ऑक्टोबर

इतका अपमान माझा कुठल्या व्यासपीठावर झाला नसेल. डॉक्टरीणबाई तिशीतल्या, बारीक आवाजाच्या. मला त्यांना श्वासावर दोन शब्द सांगावेसे वाटत होते. त्या टकळीला विचारीत, आणि वेळ वाया जाऊ नये म्हणून मी उत्तर देई.

"तुला रात्री जाग येते का?"

"मुळीच नाही, गाढ झोपते," मी म्हटले.

"सकाळी डोकं दुखतं?"

"सकाळीच नव्हे, अभ्यासाचं नाव काढलं की दुखतं."

"मी तिला विचारते आहे," त्या म्हणाल्या. असे तीनदा झाले. मग त्यांनी दिव्याने तिचे नाक पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि विचारले, "नाकाला कधी मार लागला होता?"

"कधीच नाही," मी ठामपणे सांगितले. "असं काही घडलं असतं तर मला आठवलं असतं. स्मरणशक्ती हा माझा धंदा आहे."

बाई टकळीकडे पाहत होत्या. टकळी माझ्या हाताकडे पाहत होती. बायको मला काही सांगणार इतक्यात टकळीने तिचा पदर ओढला. मग डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसायला सांगितले. मला! मी बारा मिनिटे बाकावर बसून भिंतीवरचा कानाचा तक्ता वाचला.

आत बोलावले तेव्हा निदान तयार होते. नाकाच्या मधला पडदा जुन्या माराने उजवीकडे वाकला आहे, ती बाजू जवळजवळ बंद. दुसऱ्या बाजूला मागे सूज. झोपेत श्वास अडतो का, ते रात्रभर यंत्र लावून बघायचे.

"पण मार कसला?" मी विचारले.

"ती म्हणते, दारावर आपटली होती."

बघा! मुलगी दारावर आपटते, नाक वाकते, आणि बापाला पत्ता नाही! या घरात मला कोणी काही सांगत नाही. परतताना विचारले, "कोणतं दार?" म्हणाली, "आठवत नाही." स्मरणशक्तीचे हे दिवाळे!

५ नोव्हेंबर

तपासणीचा अहवाल आला. झोपेत दर तासाला कितीतरी वेळा तिचा श्वास अडखळतो, आणि प्रत्येक वेळी मेंदू तिला अर्धवट जागे करतो. तिला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रात्रभर कोणीतरी दर दोन-तीन मिनिटांनी तुम्हाला खांद्याला धरून हलवलं, आणि सकाळी तुम्हाला भाषण पाठ करायला सांगितलं, तर?"

हे उदाहरण मला सुचायला हवे होते.

"या वयात मेंदू अजून घडत असतो. लक्ष, आठवण, चिडचिड, सगळ्यांवर परिणाम होऊ शकतो. पण सगळं यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आधी औषधानं सूज उतरवू, मग पडद्याचं छोटं काम करू. वाढ व्हायची आहे, म्हणून जेवढं गरजेचं तेवढंच. आणि चमत्काराची वाट बघू नका."

त्या छातीठोकपणे काही सांगत नाहीत, हे मला आवडत नाही. आणि चाचणी तीन आठवड्यांवर आली आहे! घरी आल्यावर मी सगळी दारे तपासली. स्वयंपाकघराचे दार फटकन लागते, तेच असणार. उद्या सुताराला बोलावतो.

बायको दाराशी उभी राहून माझ्याकडे पाहत होती. "अहो," म्हणाली, "दाराला कशाला शिक्षा?"

९ नोव्हेंबर

आज नवी तुकडी. नेहमीप्रमाणे धैर्याची गोष्ट सांगितली. "उठा!" म्हणून हात फिरवून दाखवला. कोपर, रक्त, बर्फ, पंधरा मिनिटे, पुढचे वाक्य. सगळे भारावले. पहिल्या रांगेतल्या एका वकीलबाईंनी हात वर केला.

"सर, पण मग तिच्या नाकाला काही झालं का?"

"नाकाला नाही हो," मी म्हटले, "तोंडाला..."

पुढचे वाक्य आले नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. माझा हात अजून हवेतच होता, आणि कोपर कुठल्या उंचीवर आहे ते मला दिसत होते. मी तो खाली घेतला. वर्ग लवकर सोडला.

१० नोव्हेंबर

सकाळी शिवणयंत्र बंद होते.

बायकोला विचारले, "तुला माहीत होतं?"

"त्या दिवशी मी म्हटलं होतं, दाखवून आणू या. तुम्ही म्हणालात, शूर मुलीला डॉक्टर कशाला? मीही ऐकलं. ती चूक माझी. मग महिन्याभरात नाक वरून सरळ दिसायला लागलं आणि मीही विसरले. परवा दवाखान्यात आठवलं, तर तिनं मला शपथ घातली."

टकळी जिन्यावर बसली होती. तोंड उघडे. मी "तोंड मीट" म्हणालो नाही. ओठांपर्यंत आले होते.

"दार कशाला म्हणालीस?"

"तुम्ही आधीच 'कधीच नाही' म्हणाला होतात ना. मग तुम्ही खोटे ठरला असतात."

"आणि इतके दिवस?"

"तुम्ही मग हात हलवायचं सोडलं असतं." ती थांबली, श्वास घेतला, तोंडाने, आणि पुढे म्हणाली, "तुमचं अर्धं भाषण हातात असतं, बाबा. उरलेलं लोकांना नीट ऐकूही येत नाही."

मी हसलो की काय ते मला ठाऊक नाही. काहीतरी आवाज निघाला. एकोणीस वेळा, दिवसाला एकोणीस वेळा मी माझ्या मुलीला सांगत होतो की, उघडी असलेली एकुलती एक वाट बंद कर. आणि ती करत होती. मिनिटभर तरी करत होती, माझ्यासाठी.

१३ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी शाळेसाठी दिलेल्या पत्रात "दारावर आपटल्याने" असे लिहिले होते. आज जाऊन ते दुरुस्त करून घेतले. कारण सांगताना माझा आवाज त्यांच्यापेक्षा बारीक होता. त्यांनी एक ओळ खोडली, वर नवी लिहिली, सही केली आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. त्यांनी काही ऐकवले असते तर बरे वाटले असते.

तेच पत्र घेऊन शाळेत. रात्री जागून अकरा मुद्दे काढले होते. ते खिशातच राहिले. मी म्हटले, "बाई, तिच्या नाकाला माझ्याकडून मार लागला. दोन वर्षं मी तिला आळशी म्हटलं. चाचणी उपचारानंतर घ्या, एवढीच विनंती."

मुख्याध्यापिका वाट पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढंच?"

"एवढंच."

"फेब्रुवारीअखेर घेऊ," त्या म्हणाल्या. "खिडक्यांसाठी तुम्ही दोन तास बोलला होतात, सर. तेव्हाही एवढंच बोलला असतात तर खिळेसुद्धा लवकर निघाले असते."

२ मार्च

निकाल. डिसेंबरात पडद्याचे काम झाले. महिनाभर टकळी नाकात बोलत होती आणि स्वतःच खिदळत होती. घोरणे थांबले. पहिले काही दिवस बायको रात्री उठून तिच्या दाराशी कान लावी, कारण इतकी शांतता तिला भयंकर वाटे. चमत्कार मात्र झाला नाही. गणितात नापास, सपशेल. इतिहासात काठावर. बाकी सगळ्यांत पास, आणि शिक्षिकेचा शेरा: "तासाला जागी असते. प्रश्न फार विचारते." आहे त्याच वर्गात राहणार, गणिताची पुन्हा परीक्षा या अटीवर.

गणितावर मी तिला चार शब्द ऐकवायला सुरुवात केली. दुसऱ्याच शब्दाला तिने मला अडवले. आता हे रोजचेच. बोलू म्हणून देत नाही!

७ मार्च

आज टकळी वर्गात आली, शेवटच्या रांगेत बसली. नव्या तुकडीचा पहिला दिवस. मी ती गोष्ट सांगितली, पण धैर्याची म्हणून नाही. हात खिशात ठेवून सांगितली, आणि खरेच, मागच्या रांगेतल्यांना नीट ऐकू गेली नाही. एकदा तर "मोठ्याने!" अशी ओरडही आली. माझ्याच वर्गात!

"माझं कोपर तिच्या नाकावर लागलं," मी म्हटले. "रक्त आलं. मी बर्फ लावला..."

"बर्फ नव्हता," मागून आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिले. "बर्फ संपला होता. तुम्ही फ्रिजमधली गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी लावलीत. हिरवी. ती फाटली आणि वाटाणे खोलीभर झाले. आणि पंधरा मिनिटं नाही, बाबा, पाचच. तुम्ही घड्याळ बघत होतात. आणि पुढचं वाक्य मी म्हटलंच नाही, ते तुम्हीच म्हटलंत..."

ती उभी राहिली होती. हात फिरवत बोलत होती, आणि शेजारच्या निवृत्त शिक्षकांनी आपली खुर्ची जरा बाजूला सरकवून घेतली. मध्ये थांबली, तोंड मिटले, नाकाने लांब श्वास घेतला आणि पुन्हा सुरू झाली.

वाटाण्यांचे मला मुळीच आठवत नव्हते. मी हरकत घ्यायला तोंड उघडले. मग मिटले, आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसलो.